वजन हातात, कवेत की कडेवर?

पनवेल स्टेशनात सकाळची हार्बर लोकल फलाटाला लागली, की डब्यात शिरता शिरता शेकडो माणसं एकच हालचाल करतात. पाठीवरची सॅक उतरवतात आणि उलटी करून छातीवर घेतात. मागच्याला धक्का लागू नये, चेनवर नजर राहावी, एवढाच हेतू. सॅक तीच, आतला डबा तोच, लॅपटॉपही तोच. तरी वाशी येईपर्यंत उभ्या माणसाचं काहीतरी वेगळंच दुखायला लागलेलं असतं. सॅक पाठीवर होती तेव्हा तो किंचित पुढे झुकून तोल सावरत होता. आता तो नकळत मागे रेलतो आणि कंबर कुरकुरायला लागते.

वजनात ग्रॅमचाही फरक पडलेला नाही. फक्त त्याची जागा बदलली.

हाच माणूस रात्री नवीन पनवेलला, कामोठ्याला किंवा खारघरला घरी परततो, टीपॉय भिंतीला लावतो, मोबाइल फुलदाणीला टेकवून उभा करतो आणि हॉलच्या उरलेल्या फरशीवर लंजेस मारतो. कितीचे डंबेल घ्यावेत, किती सेट करावेत, आठवड्यातून किती दिवस करावेत, हे तो चारजणांना विचारतो. ते डंबेल धरायचे कुठे, हा प्रश्न मात्र सहसा त्याच्या मनात येत नाही. हात आहेत, हातात धरायचे! लोकलमध्ये त्याच्या शरीरानं रोज अनुभवलेली गोष्ट व्यायामाच्या वेळी त्याच्या लक्षातच येत नाही.

घरात डंबेल येण्याला अलीकडचा इतिहासही आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांना कुलपं लागली. ती उघडली त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. मधल्या सात महिन्यांत अनेक घरांत प्लास्टिकच्या आवरणातले, सिमेंट भरलेले डंबेल आले. जिथे ते आले नाहीत, तिथे पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे रिकामे कॅन कामाला लागले. जिम पुन्हा सुरू झाल्या, तरी बऱ्याच जणांचा व्यायाम हॉलमध्येच राहिला. पनवेलहून सीएसएमटीला जायला तासाच्या वर वेळ लागतो. तेवढा प्रवास दोनदा केल्यावर तिसरीकडे जायचं त्राण राहत नाही.

लंज हा प्रकार तसा सोपा. सरळ उभं राहायचं, एक पाय पुढे किंवा मागे टाकायचा, दोन्ही गुडघे वाकवत खाली जायचं, मागचा गुडघा जमिनीला टेकता टेकता थांबवायचा आणि पुन्हा वर यायचं. इंग्रजी शब्दाचं मूळ ‘लांबवणे’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. तलवारबाजीत पुढचा पाय लांब टाकून वार करण्याच्या पवित्र्याचं हे नाव पुढे व्यायामाला मिळालं. मराठी माणसाला ही ठेवण मात्र शाळेपासून माहीत असते. १२ स्थितींच्या सूर्यनमस्कारात चौथ्या आणि नवव्या आकड्याला एक पाय मागे जातो आणि दुसरा दोन्ही हातांच्या मध्ये येतो, ते अश्वसंचालनासन लंजचं सख्खं भावंड म्हणावं असं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन त्याचा प्रसार केला. त्यांच्या संस्थानातल्या मुलांनी डंबेलला हात न लावता ही हालचाल किती वेळा केली असेल, याची गणती नाही.

सूर्यनमस्कारात मात्र हात जमिनीवर असतात, त्यामुळे भार वाटला जातो. लंजमध्ये हात मोकळे राहतात आणि शरीराचा बराचसा भार एकट्या पुढच्या पायावर येतो. त्यात वजनाची भर पडली, की पकडीचा प्रश्न उभा राहतो. हातात धरलेलं वजन मांडीपर्यंत थेट पोचत नाही. वाटेत बोटं, मनगट, खांदा, पाठ, कंबर आणि खुबा लागतात. ही एक साखळीच. तिची सगळ्यांत कच्ची कडी जिथे असेल, तिथे व्यायाम संपतो. मांड्यांत अजून दम असताना बोटं सुटली, तर तो व्यायाम बोटांचा झाला. पाठ आधी वाकली, तर पाठीचा झाला. म्हणून वजन अशा जागी धरायचं, की शेवटी थकून थांबेल तो पायच.

वजनाच्या या जागांसाठी मराठीत आधीपासूनच नेमके शब्द आहेत. हातात, कवेत, खांद्यावर, कडेवर, पाठंगुळी, डोईवर. हंडा डोईवर, कळशी कडेवर, कावड खांद्यावर, थकलेलं पोर पाठंगुळीला. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात राबणाऱ्या कामगारांचं ‘माथाडी’ हे नावच माथ्यावरून आलेलं. त्यांच्या हक्कांसाठी महाराष्ट्रानं १९६९ साली स्वतंत्र कायदाही केला. ओझं कुठे घेतलं की किती वेळ पेलतं, याचा हिशेब या मंडळींना पुस्तकातून शिकावा लागला नाही. जिममधल्या पकडींची इंग्रजी नावं बाजूला ठेवली, तर त्यांची यादीही फार वेगळी निघत नाही.

हातात

मंडईतून दोन पिशव्या घेऊन येणारा माणूस जसा दिसतो, तशी ही पकड. दोन्ही हात खाली सुटलेले आणि दोन्हीकडे एकेक वजन लोंबलेलं. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. दोन्ही बाजूंना सारखं वजन असल्यानं तोल डावी-उजवीकडे कलत नाही. वजन मांड्यांच्या उंचीवर, म्हणजे खालीच असल्यानं शरीर डगमगत नाही. आणि तोल गेलाच, तर मूठ उघडली की माणूस मोकळा. फार तर खालच्या मजल्यावरचे काका चौकशीला वर येतील.

काही बारकावे मात्र पाळावे लागतात. हात दोरीसारखे सैल सोडायचे, खांदे कानांकडे ओढायचे नाहीत. डंबेलचा दांडा पायाच्या दिशेला समांतर ठेवायचा, आडवा धरला तर तो गुडघ्यावर आपटतो. पाय पुढे टाकताना शरीर पुढे जातं आणि थबकतं, तेव्हा लोंबणारी वजनं झोका घेतात. पाय मागे टाकला तर हा झोका कमी होतो आणि पुढच्या गुडघ्याला शरीराचा वेगही आवरावा लागत नाही. हॉलमध्ये चालत लंजेस मारायला दहा-बारा फूट लांबी मिळत नाहीच. मागे पाय टाकणं जागेलाही सोयीचं आणि गुडघ्यालाही.

पावलं एकाच रेषेत, तारेवर चालल्यासारखी, पडली तर कुठलीही पकड तोल सावरू शकत नाही. दोन पावलं रुळांच्या जोडीवर असल्यासारखी ठेवावीत. अर्थात हार्बर लाइनच्या रुळांमध्ये १.६७६ मीटर अंतर असतं, तेवढं नको, वीतभर पुरे. पावलाच्या लांबीचंही महत्त्व आहे. अमेरिकी संशोधक राफाएल एस्कामिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आखूड आणि लांब पावलाच्या लंजेसची तुलना केली, तेव्हा आखूड पावलात गुडघ्याच्या वाटीमागचा दाब जास्त आढळला. जागा कमी म्हणून पाऊल आखडतं घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लोंबत्या वजनाची पकड पुढे कुठे अडते, हे साध्या आकडेमोडीत दिसतं. प्रत्येक पायाचे १२ म्हणजे एकूण २४ लंजेस. एकाला तीन सेकंद धरले, तर डंबेल सलग ७२ सेकंद मुठीत राहतात. पाच किलोला हे जमतं. साडेबारा किंवा पंधरा किलोला मांडी अजून ताजी असताना बोटं उलगडायला लागतात. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंमध्ये मोडतात. मूठ आवळणारे कोपराखालचे स्नायू त्यांच्यापुढे पोरसवदा. त्यातून पनवेलचा पावसाळा. जूनपासून तळहात घामेजलेले असतात आणि दांडा निसटू पाहतो. यावर सोपा उपाय आहे. एका पायाचे १२ झाले, की डंबेल खाली ठेवायचे, हात पुसायचे, श्वास घ्यायचा आणि मग दुसरा पाय. तेवढ्यानं भागत नसेल, तर वजनाची जागा बदलायची.

घरगुती वजनांचा हिशेबही इथेच पाहून घ्यावा. पाच लिटरच्या कॅनमध्ये काठोकाठ पाणी भरलं तर पाच किलो होतं. तोच कॅन तेलानं भरलेला असेल तर साधारण साडेचार किलो, कारण तेल पाण्याहून हलकं. कोरड्या वाळूनं भरला तर आठ किलोच्या आसपास. अर्धवट भरलेला कॅन मात्र घेऊ नये. आतलं पाणी हिंदकळतं आणि नेमकं वर उठताना उलट्या बाजूला ओढतं. उंच कॅनची आणखी एक अडचण म्हणजे मागचा गुडघा जमिनीजवळ पोचण्याआधीच कॅन फरशीला टेकतो.

कवेत

ज्या घरात एकच डंबेल आहे, तिथे तो छातीशी धरावा. डंबेल उभा करायचा, वरचा गोळा दोन्ही तळव्यांवर पेलायचा, कोपरं खाली, बरगड्यांजवळ. पेला दोन्ही हातांनी ओठांशी नेल्यासारखी ही ठेवण असते, म्हणून इंग्रजीत तिला पेल्यावरूनच ‘गॉब्लेट’ नाव पडलं. डॅन जॉन या अमेरिकी प्रशिक्षकानं ती बैठकांसाठी लोकप्रिय केली आणि लंजेसमध्येही ती रुळली. डंबेल नसेल तर पाच किलोच्या पिठाची पिशवी चालते. दहा किलोची तांदळाची पिशवी असेल तर तिला सरळ मिठी मारायची.

या पकडीत वजनच माणसाला शिकवतं. छाती जरा पुढे झुकली, की डंबेल पुढे ओढतो आणि चूक लगेच कळते. मग पाठ आपोआप ताठ होते आणि पोट आवळलं जातं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे पोक काढून बसणाऱ्याच्या वरच्या पाठीला यात चांगलंच काम मिळतं.

अट एकच, वजन छातीला चिकटलेलं असावं. कारण साध्या तराजूचं आहे. दहा किलोचं वजन कण्याच्या रेषेपासून २० सेंटिमीटर पुढे असेल, तर ते माणसाला पुढे लोटण्यासाठी जेवढा जोर लावतं, त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर ते ३५ सेंटिमीटरवर लावतं. हात थकून वजन तेवढं पुढे सरकलं, की दहाचं ओझं पाठीला सतरासारखं भासतं. ही पकड अडते तीही तिथेच. पायांना वीस किलो हवे असतात, पण दंड आणि पाठ पंधरालाच हात टेकतात. छातीवर भार असल्यानं दमही लवकर लागतो.

आता लोकलमधली सॅक आठवावी. पुस्तकं, पाण्याच्या बाटल्या भरून तीच सॅक छातीवर अडकवली, तर कवेतली पकड हात न वापरता मिळते. बोटं थकत नाहीत, हात मोकळे राहतात, गरज पडली तर भिंतीचा आधार घेता येतो. सॅक फार फुगीर मात्र नसावी, नाहीतर पुढचं पाऊल दिसत नाही.

खांद्यावर

दोन डंबेल उचलून त्यांचं एकेक टोक खांद्यावर टेकवायचं आणि कोपरं पुढे काढायची. मुठीवरचा ताण इथे जवळजवळ संपतो, पोट आणि पाठ यांचा वाढतो. अडचण खांद्यापर्यंतच्या प्रवासाची. जड डंबेल तिथवर नेताना आणि उतरवताना मनगट किंवा पाठ लचकण्याचा धोका असतो. मानेमागे आडवी सळई घेणं जिममध्ये ठीक, कारण तिथे सळई टेकवायला स्टँड असतो. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये तोल गेला, तर सळई टेकवायला फक्त टीव्हीचा कोपरा उरतो.

कडेवर

सगळ्या पकडींत ही सर्वांत कमी वापरली जाते, आणि हिच्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे. आई मुलाला कडेवर घेते तेव्हा तिची कंबर एका बाजूला निघते आणि खांदा दुसरीकडे कलतो. शरीर वाकडं होऊन हिशेब जुळवतं. लंजमध्ये एकाच हातात वजन घेतलं, की नेमका हाच प्रसंग येतो. फरक इतकाच, की इथे वाकडं व्हायचं नाही.

दहा किलोचा डंबेल शरीराच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटरवर लोंबतो आहे, असं धरू. त्याला उलट बाजूनं तोलणारे कमरेचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. तराजूचा एक दांडा लांब आणि दुसरा आखूड, म्हणून त्या स्नायूंना चाळीस-पन्नास किलोइतका जोर लावावा लागतो. दोन्ही हातांत वजन असताना हे प्रकरण आपोआप मिटतं, कारण कावडीची दोन्ही टोकं सारखी असतात. एक हंडा काढून घेतला, की कावड कशी होते ते खांद्यालाच विचारावं.

पण वजन कुठल्या हातात घ्यायचं? उजवा पाय पुढे असेल तर उजव्या की डाव्या? दोन्हींत मोठा फरक आहे. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला ग्लुटियस मिडियस नावाचा स्नायू असतो. चालताना एक पाय उचलला, की कंबरेचा कटोरा उचललेल्या बाजूला घसरू पाहतो आणि जमिनीवरच्या पायाचा हा स्नायू त्याला वर धरून ठेवतो. उजवा पाय पुढे आणि वजन डाव्या हातात असेल, तर कटोरा डावीकडे आणखी ओढला जातो आणि उजव्या खुब्याला जास्त राबावं लागतं. वजन उजव्याच हातात घेतलं, तर भार टेकलेल्या पायाच्या जवळ येतो आणि खुब्याचं काम हलकं होतं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातले पेत्र श्तास्तनी आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, चालत मारलेल्या लंजेसमध्ये वजन विरुद्ध हातात असताना या स्नायूची सक्रियता वाढलेली दिसली.

घरातल्या आजी-आजोबांना हेच तत्त्व उलट्या बाजूनं माहीत असतं. डॉक्टर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला सांगतात. त्या बाजूनं काठी जमिनीवर रेटली, की दुखऱ्या खुब्याचा भार हलका होतो. विरुद्ध हातातली काठी वर उचलते आणि विरुद्ध हातातला डंबेल खाली ओढतो. जागा एकच, काम उलट.

एकहाती पकडीचा सगळ्यांत व्यवहारी फायदा मात्र वेगळाच आहे. दुसरा हात मोकळा राहतो. तोल जात असेल, वय झालं असेल, गुडघ्याची भीती असेल, तर त्या हाताची बोटं भिंतीला, दाराच्या चौकटीला किंवा जड खुर्चीच्या पाठीला टेकवता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे आणि ६५ वर्षांपुढच्यांना तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणाऱ्या हालचाली. भिंतीला बोटं टेकवून, दुसऱ्या हातात एक लिटरची पाण्याची बाटली धरून मारलेला लंजही त्यात मोजायला हरकत नाही. सुरुवात मात्र दोन हातांच्या वजनाच्या निम्म्यानं करावी. आरशात खांदे समांतर दिसत नसतील, तर वजन आणखी कमी करावं.

पाठंगुळी

सॅक पाठीवर घेतली, की धड पुढे झुकतं. यात सरसकट वाईट असं काही नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दहाजणांकडून धड सरळ ठेवून, पुढे झुकवून आणि मागे रेलून लंजेस करून घेतले. पुढे झुकल्यावर नितंबाच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम वाढलं. कमरेतून वाकून नव्हे, तर खुब्यातून किंचित पुढे कललेलं धड त्यासाठी पुरतं. सॅकचे पट्टे आवळून घ्यावेत, जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात आणि छातीवरचा पट्टा असेल तर तो लावावा. आत वस्तू हलत असतील, तर एखादी चादर कोंबावी.

डोईवर

प्रबळगडाच्या अंगाखांद्यावरच्या ठाकरवाड्यांतून मोळी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायकांची मान पाहावी. ती हलत नाही. केनियातल्या किकुयू आणि लुओ बायकांवर झालेला एक अभ्यास १९८६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ जास्तीची शक्ती न खर्चता वाहून नेत होत्या. पण ती लहानपणापासून मुरलेली कला आहे, आणि ती सपाट चालण्याची आहे. लंजमध्ये डोक्यावर काही घेऊ नये. हात वर ताणून डंबेल डोक्यावर धरण्याचा प्रकार जिममध्ये चालतो. वीरभद्रासनात रिकामे हात वर जातात, तसाच. त्यात खांदा आणि पोट यांचीच परीक्षा होते, त्यामुळे वजन फारच कमी घ्यावं लागतं आणि पायाला त्याचा उपयोग थोडका. उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पनवेलच्या फ्लॅटमध्ये आणखी एक अडथळा असतो. साडेपाच फुटी माणसानं हात वर केले, की मूठ सात फुटांवर जाते. त्यावर डंबेल आणि त्याच्या जरा वर पंखा.

तालमीतला शहाणपणा

वजन धरण्याचा हा विचार डंबेलच्या आधीचा आहे. डंबेल या शब्दाचा अर्थ ‘मुकी घंटा’. इंग्लंडमध्ये घंटेशिवाय नुसती दोरी ओढून करायच्या व्यायामाला हे नाव होतं आणि जोसेफ ॲडिसन यानं १७११ मध्ये आपल्या नियतकालिकात त्याविषयी लिहिलंही. आपल्याकडे तेव्हा तालमी होत्या. पनवेलजवळच्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुढे पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तयार झाले. जोर, बैठका, मुद्गल हे अशा तालमींचं रोजचं अन्न.

तालमीत हाताचं वजन वेगळं आणि पायाचं वेगळं. मुद्गल आणि करेल खांद्यांसाठी फिरवायचे. बैठकांना वजन हवं असेल, तर आखाड्यांत दगडाचं गोल कडं, म्हणजे हसली, गळ्यात घालायची रीत होती. बोटांना त्यात काहीच काम नाही, सगळा भार खांद्यांवरून सरळ पायांत. गामा पैलवानाची अशी ९५ किलोची हसली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. ९५ किलो दोन हातांत लोंबवून कुणी बैठका मारायला गेला, तर दहाव्या बैठकेआधीच मूठ उघडेल, हे वस्तादांना नीट ठाऊक होतं. देशी व्यायामाचं हे भांडार बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या दहा खंडांत गोळा केलं. पुढे १९५० मध्ये त्याचा एक इंग्रजी कोशही निघाला.

मग हॉलमधल्या माणसानं काय करावं?

पहिले दोन-तीन आठवडे रिकाम्या हातांनी, पाय मागे टाकून. प्रत्येक पायाचे १२ लंजेस गुडघा न डगमगता व्हायला लागले, की हातात दोन हलकी वजनं घ्यायची. आठपासून सुरुवात करून बारापर्यंत जायचं. बारा सोपे झाले की वजन वाढवून पुन्हा आठवर यायचं. शेवटचे दोन जड जावेत, पण वाकडे होऊ नयेत. खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा, कोंडायचा नाही. मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर हा खेळ करू नये, आणि सरकणाऱ्या सतरंजीवर तर नाहीच. अनवाणी पाय किंवा बूट बरे. सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि गुडघा आत टोचतो अशी तक्रार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावं.

त्यानंतर दर सेटच्या शेवटी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, आज आधी काय थकलं? बोटं थकली असतील, तर वजन कवेत घ्यावं किंवा सॅकमध्ये टाकावं. दंड आणि पाठ थकली असतील, तर पुन्हा हातात. दोन पायांत एक कमजोर वाटत असेल, जिना उतरताना एका बाजूला कंबर लचकत असेल, तर आठवड्यातून एक दिवस कडेवरची पकड, वजन पुढच्या पायाच्या विरुद्ध हातात. एकच डंबेल आहे म्हणून दुसरा विकत आणायची घाई नको. कवेत आणि कडेवर या दोन्ही पकडींना एकच लागतो.

पनवेलकरांना या सगळ्याची परीक्षा द्यायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळा ओसरला, की रविवारी पहाटे ठाकूरवाडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते आणि पाठीवर सॅक घेतलेली माणसं प्रबळमाचीची वाट चढू लागतात. पुढे कलावंतीण दुर्गाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, काही गुडघ्याएवढ्या उंच, बाजूला कठडा नाही. प्रत्येक पायरीला एक पाय वर, सगळा भार त्यावर, मग दुसरा. उतरताना तेच, उलट. आठवडाभर लोकलमध्ये छातीवर आणि रात्री हॉलमध्ये कवेत असलेली ती सॅक तिथे पुन्हा पाठीवर गेलेली असते. आत दोन लिटर पाणी, डबा आणि अंगावरचा भिजला तर बदलायला एक टी-शर्ट.